ट्रॉली सोडण्यापूर्वी चाकाला ठोकळा लावा



ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती पाहतो, डिझेलचा खप विचारतो, टायर कोणत्या कंपनीचे आहेत ते बघतो. ट्रॉली घेताना पत्रा किती जाडीचा आहे ते बोटाने वाजवून पाहतो. परंतु ही ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडल्यानंतर जागेवर कशी थांबणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. घरात येईपर्यंत ती ट्रॅक्टरच्या ब्रेकवर थांबत असते. पिन काढली की त्या ब्रेकचा आणि ट्रॉलीचा संबंध संपतो. आपल्याकडील बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा हातब्रेक नसतो आणि असला तरी गंजून बसलेला असतो. म्हणजे पिन निघाल्याच्या क्षणापासून ती काही टनांची वस्तू केवळ जमिनीच्या भरवशावर उभी असते.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. लाकडाचे चार ठोकळे. ते कसे करावेत, कोठे व केव्हा लावावेत आणि केव्हा काढावेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

गोराईचे उदाहरण

मुंबई उपनगर जिल्ह्यातील गोराई हे गाव बोरिवली तालुक्यात, खाडीच्या पलीकडे आहे. गोराई, कुळवेम, मनोरी आणि ठाणे जिल्ह्यातील उत्तन या भागात कोळी व ईस्ट इंडियन समाजाची जुनी वस्ती आहे. पावसाळ्यात भात, नंतर भाजीपाला, बांधावर नारळ आणि जोडीला मासेमारी अशी येथील रीत. बोरिवलीकडून खाडी ओलांडून माणसे व दुचाकी होडीने येतात. मोठी वाहने मात्र भाईंदर-उत्तन रस्त्याने फिरून येतात. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी किनाऱ्यावर मोठ्या संख्येने उतरतात.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. कॅराव्हॅन म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली फिरती गाडी. यातील काही गाड्या स्वतःच्या इंजिनावर चालतात. काही मात्र जीपमागे जोडून आणावयाच्या असतात, म्हणजे ती एक प्रकारची ट्रॉलीच. अशी गाडी मुक्कामाला वाडीत आली की जीप सोडून फिरायला जाते आणि मागे राहते ती चाकावरची खोली. तिच्यात मुलेबाळे झोपणार असतात. त्यामुळे वाडीत पाहुणे उतरविण्याचा विचार करणाऱ्या बागायतदारास ट्रॉली सोडण्याचे शास्त्र दुहेरी उपयोगाचे आहे. एक स्वतःच्या खताच्या ट्रॉलीसाठी आणि दुसरे पाहुण्यांच्या गाडीसाठी.

शेतात थांबते ती अंगणात का थांबत नाही?

पुष्कळांचा अनुभव असतो की, "आमची ट्रॉली कित्येक वर्षे अशीच सोडतो, कधी हलली नाही." हे खरेही असते. त्याचे कारण समजून घ्यावे.

समजा, भरलेल्या ट्रॉलीचे वजन ४ टन आहे आणि जागेला २० फुटास १ फूट एवढा उतार आहे. डोळ्यांना हा उतार जवळजवळ सपाटच दिसतो. पण त्या उतारावर ट्रॉलीला खालच्या बाजूस वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे सुमारे २०० किलोची ओढ असते. या ओढीला विरोध करते ती चाकाखालची जमीन. नांगरलेल्या भुसभुशीत रानात चाक रुतते व फिरण्यास होणारा विरोध वजनाच्या १० टक्क्यांहूनही अधिक, म्हणजे ४०० किलो किंवा जास्त असतो. तेथे ट्रॉली हलत नाही.

हीच ट्रॉली सिमेंटच्या खळ्यावर, डांबरी रस्त्यावर किंवा फरसबंद अंगणात आणली की चाकाचा विरोध वजनाच्या साधारण २ टक्क्यांवर, म्हणजे ८० किलोवर येतो. २०० मधून ८० वजा जाता १२० किलोची ओढ शिल्लक राहते आणि ट्रॉली चालू लागते. धडधाकट माणूस पाय रोवून साधारण ३० ते ४० किलोचा जोर लावू शकतो. म्हणजे ती नुसती थोपवून धरण्यास तीन-चार माणसे हवीत, आणि तीही आधीपासून जागेवर हवीत.

आता वेगाचा हिशेब पाहा. पहिल्या सेकंदात अशी ट्रॉली जेमतेम अर्धा फूट सरकते. बघणाऱ्याला वाटते, हात लावला की थांबेल. दोन सेकंदांत ती सुमारे दोन फूट आणि आठ सेकंदांत सुमारे ३० फूट गेलेली असते. त्या वेळी तिचा वेग ताशी ८ ते ९ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या पळण्याइतका झालेला असतो. चार टनांचे वजन त्या वेगाने भिंतीवर, गोठ्यावर किंवा ओसरीवर आदळते. अपघात होतो तो पहिल्या दोन सेकंदांत, कारण याच वेळी मनुष्य धावून तिच्यापुढे उभा राहतो. सरकू लागलेली ट्रॉली हाताने, पाठीने किंवा पायाने अडविण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ओरडून लोकांना बाजूला करावे. ट्रॉली मोडली तर दुरुस्त होते.

दगड का चालत नाही?

बैलगाडीच्या काळापासून चाकाला दगड लावण्याची सवय आपल्याला आहे. मोकळ्या बैलगाडीला तो पुरेसा होता. ट्रॉलीचे वजन वेगळे आहे. गोल दगड चाकाबरोबर स्वतःच फिरतो किंवा टायरखालून उडतो. वीट दाबाने फुटते. सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर पाहता पाहता चुरा होतो. नारळाची सोडणे, काठी, शेणाची पाटी यांचा उपयोग नाही हे सांगणे नको.

पाचरीच्या आकाराचा ठोकळा यापेक्षा वेगळे काम करतो. चाक त्याच्या तिरप्या बाजूवर चढू लागते, तेव्हा ट्रॉलीचे वजनच ठोकळ्याला खाली दाबते. जितका दाब अधिक तितकी ठोकळ्याची जमिनीवरील पकड अधिक. दगडाला हा गुण नाही.

दगडाचा आणखी एक दोष आहे. रस्त्यात ट्रॉली नादुरुस्त झाली की चाकांना चार दगड लावले जातात आणि काम झाल्यावर ते तेथेच सोडून गाडी निघून जाते. ऊस वाहतुकीच्या हंगामात असे दगड रस्तोरस्ती दिसतात. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर ते बेततात. दोरी बांधलेला स्वतःचा ठोकळा असला की माणूस तो आठवणीने परत उचलतो.

ठोकळा कसा करावा?

लाकूड: बाभळीचे उत्तम. बैलगाडीच्या चाकाला पूर्वापार हेच लाकूड वापरले जाते, कारण ते मार सोसते. कोकणात ऐन किंवा किंजळही चालेल. पांगारा, सावर, शेवगा अशी हलकी लाकडे वापरू नयेत. तडा गेलेला किंवा वाळवी लागलेला तुकडा घेऊ नये.

माप: ठोकळ्याची उंची चाकाच्या उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असावी. ट्रॉलीचे चाक साधारण ८० ते ९० सें.मी. उंच असते, म्हणून ठोकळा २० सें.मी. उंच व २० सें.मी. रुंद करावा. तळ ३५ सें.मी. लांब आणि माथा १० सें.मी. लांब ठेवावा. म्हणजे तिरपी बाजू सुमारे ४० अंशांची होते. लहान चाकाच्या कॅराव्हॅनला १६ सें.मी. उंचीचा ठोकळा पुरतो.

कापणी: २० × २० सें.मी. जाडीचा ४६ सें.मी. लांब तुकडा घेऊन मध्ये तिरपा काप दिल्यास एकाच तुकड्यातून दोन ठोकळे निघतात. असे दोन तुकडे म्हणजे चार ठोकळे. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने येतील असे पाहावे. पुढचे टोक अगदी धारदार न ठेवता २ सें.मी. जाडीवर बोथट करावे, नाही तर ते चिरफळते.

तळ: पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर लाकूड घसरते. जुन्या टायरची पट्टी तळाला खिळ्यांनी ठोकावी. खिळ्यांची डोकी रबरात पूर्ण बुडवावीत.

रंग व दोरी: माथा व बाजू पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाने रंगवाव्यात, म्हणजे तिन्हीसांजेलाही दिसतात. टिकाऊपणासाठी काळे तेल लावू नये, त्याने टायर घसरतो. दोन-दोन ठोकळे सुमारे दीड मीटर नायलॉन दोरीने जोडावेत. दोरी धरून ठोकळा सरकविता व ओढून काढता येतो, हात चाकाजवळ न्यावा लागत नाही.

बाजारात रबराचे व प्लॅस्टिकचे ठोकळेही मिळतात. ते घेताना चाकाच्या उंचीचा हाच हिशेब लावावा. खेळण्यासारखा हलका, बुटका ठोकळा भरलेल्या ट्रॉलीखाली टिकत नाही.

जागेचा उतार कसा मोजावा?

दोन मीटर लांबीची सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ घ्यावी. फळी उताराच्या दिशेने ठेवून खालच्या बाजूचे टोक उचलत पाणसळ बरोबर आणावी व त्या टोकाखालील अंतर मोजावे.

(१) अंतर ४ सें.मी.पर्यंत (५० फुटास १ फूट) असल्यास ट्रॉली सोडण्यास जागा योग्य. ठोकळे मात्र लावावेतच.

(२) ४ ते १० सें.मी. असल्यास ट्रॉली फक्त रिकामी व सर्व ठोकळे लावूनच सोडावी.

(३) १० सें.मी.पेक्षा अधिक असल्यास तेथे ट्रॉली सोडू नये. ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवावा किंवा दुसरी जागा पाहावी.

घराच्या वरच्या अंगाला, विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या वर, शाळेच्या वाटेवर ट्रॉली कधीही सोडू नये. ती सुटलीच तर कोठे जाईल, हे आधी पाहावे आणि मग जागा ठरवावी.

ट्रॉली सोडण्याचा क्रम

१. ट्रॉली शक्य तितकी सपाट व घट्ट जमिनीवर सरळ उभी करावी. ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडून पार्किंग ब्रेक लावावा, इंजिन बंद करावे व गिअर टाकून ठेवावा. डंपिंग ट्रॉली असल्यास हौदा पूर्ण खाली आणावा.

२. पिनला हात लावण्यापूर्वी ठोकळे लावावेत. दोन चाकी ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना, पुढून व मागून, असे चार. एकाच चाकाला ठोकळा लावल्यास ते चाक अडते, दुसरे फिरते आणि ट्रॉली जागच्या जागी वळून निसटते. ठोकळे टायरच्या मधोमध व सरळ रेषेत बसवावेत. टायर तिरप्या बाजूच्या मध्याजवळ टेकला पाहिजे.

३. चार चाकी ट्रॉलीचा पुढचा कणा वळणारा असतो. त्यामुळे तिच्या मागील चाकांना ठोकळे लावावेत. पुढे हवे तर आणखी लावावेत, पण मागचे सोडून पुढचे नव्हे.

४. दोन चाकी ट्रॉलीच्या दांड्याखालील जॅक किंवा टेकू फळीवर टेकवून दांड्याचा भार त्यावर घ्यावा. माल कणाच्या मागे अधिक असेल तर पिन निघताच दांडा उसळून वर येतो. पुढे अधिक असेल तर तो खाली पडतो. म्हणून भरलेली दोन चाकी ट्रॉली सोडण्याचे टाळावे. सोडावीच लागली तर मागच्या बाजूसही टेकू द्यावा. ठोकळा चाक अडवतो, ट्रॉली उलटणे अडवीत नाही, हे लक्षात ठेवावे.

५. सुरक्षा साखळी, दिव्याची वायर व हायड्रॉलिकची नळी सोडावी.

६. बाजूला उभे राहून पिन काढावी. पिन आवळून बसली असेल तर हातोडा मारू नये. पिन आवळणे म्हणजे ट्रॉली ट्रॅक्टरला ओढते किंवा ढकलते आहे, असा त्याचा अर्थ. दांड्याजवळून सर्वांना दूर करून ट्रॅक्टर किंचित मागे-पुढे करावा, चाके ठोकळ्यांवर नीट बसू द्यावीत आणि मग पिन काढावी.

७. ट्रॅक्टर हातभर पुढे घेऊन थांबावे. ट्रॉली स्थिर आहे याची खात्री करूनच निघावे.

जोडताना व निघताना

जोडताना ठोकळे तसेच ठेवावेत. ट्रॅक्टर मागे येत असताना ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या मध्ये कोणीही उभे राहू नये. मदतनीसाने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहून हाताने खूण करावी. ट्रॅक्टर थांबून ब्रेक लागल्यावरच पिन घालण्यासाठी आत जावे. पिन, पिनची क्लिप, साखळी, वायर हे सर्व झाले, जॅक वर घेतला आणि मगच ठोकळे काढावेत.

क्रम पाठ करण्यासाठी एकच वाक्य पुरे: ठोकळा सर्वांत आधी लागतो आणि सर्वांत शेवटी निघतो.

ठोकळे काढावयाचे विसरून ट्रॅक्टर ओढला तर टायर व दांडा दोन्हींना इजा होते. यासाठी ठोकळे लावले की एक लाल चिंधी स्टिअरिंगला बांधावी आणि ठोकळे ट्रॉलीवर ठेवल्यानंतरच ती सोडावी. ट्रॉलीच्या बाजूस लोखंडी पट्टीचा कप्पा करून घेतल्यास ठोकळे नेहमी बरोबर राहतात. चाक पंक्चर झाल्यावर जॅक लावतानाही याच ठोकळ्यांनी दुसऱ्या बाजूचे चाक आधी अडवावे.

पाहुण्यांच्या कॅराव्हॅनसाठी

वाडीत कॅराव्हॅन उभी करण्याची जागा मुरूम टाकून, पाणी मारून व दाबून सपाट करावी. पाण्याचा निचरा बाजूला काढावा. मुंबई परिसरात वर्षाला दोन हजार मि.मी.पेक्षा अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. कोरड्यात घट्ट वाटणारी जमीन अशा वेळी चाकाखाली बसते. म्हणून पाऊस पडून गेल्यावर ठोकळे पुन्हा तपासावेत व सैल झालेले पुढे सरकवावेत.

रेताड जागी ठोकळा वाळूत दबतो. त्याखाली रुंद, जाड फळी घालावी व चाकही त्याच फळीवर घ्यावे. किनाऱ्यावरच्या वाळूत मात्र गाडी सोडूच नये. भरती दिवसातून दोनदा येते, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा बरेच वर चढते आणि चाकाखालची वाळू धुऊन नेते. तेथे कोणताही ठोकळा उपयोगी पडत नाही. पाहुणे शहरातले असतात, त्यांना समुद्राची ही रीत ठाऊक नसते. ती यजमानाने सांगावी.

कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम डाव्या-उजव्या बाजूची पातळी, खालच्या चाकाखाली फळी घालून बरोबर करावी. हे जीप जोडलेली असतानाच करावयाचे. नंतर ठोकळे लावावेत. नंतर जीप सोडावी. पुढची-मागची पातळी दांड्याच्या जॅकने साधावी. कोपऱ्यांचे चार पाय सर्वांत शेवटी टेकवावेत. हे पाय गाडी डुलू नये म्हणून असतात, ती धरून ठेवण्यासाठी नसतात. केवळ पायांवर विसंबलेली गाडी सरकली तर पाय वाकून गाडी कलंडते. दांड्याला लहान चाक असेल तर तेही फिरणारेच आहे, हे विसरू नये. एका बाजूस दोन चाके असलेल्या मोठ्या गाडीत दोन चाकांच्या मध्ये घट्ट बसणारा ठोकळा वापरतात. तो जादा म्हणून चांगला, पण जमिनीवरचे ठोकळे त्याबरोबर हवेतच.

यजमानाने स्वतःजवळ ठोकळ्यांच्या दोन जोड्या तयार ठेवाव्यात. पाहुण्यांकडे असतीलच असे धरून चालू नये.

सावलीला बसणारे

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. दुपारच्या उन्हात आजूबाजूला झाड नसले की मजूर ट्रॉलीखाली सावलीला पडतात. बाया लहान मूल ट्रॉलीखाली निजवून कामाला लागतात. मुले दांड्यावर झोका घेतात. त्या दांड्याखालचा टेकू कधी निसटेल याचा त्यांना अंदाज नसतो. ऊसतोडीच्या फडात, भात झोडणीच्या खळ्यावर, वीटभट्टीवर हे दृश्य रोजचे आहे. ठोकळे लावले तरी ट्रॉलीखाली कोणासही झोपू देऊ नये. सावलीसाठी वेगळी ताडपत्री बांधून द्यावी. हे मालकाने सांगितले तरच मजूर ऐकतात आणि मालकाने स्वतः ठोकळा लावलेला पाहिला तरच चालकही लावतो.

थोडक्यात महत्त्वाचे

• पिन काढली की ट्रॅक्टरचा ब्रेक ट्रॉलीला उपयोगी नाही.
• कठीण जमिनीवर २० फुटास १ फूट उतारही ट्रॉली चालवितो.
• बाभळीचे चार ठोकळे, चाकाच्या उंचीच्या एक चतुर्थांश उंचीचे, दोरीसह करून घ्यावेत.
• दोन्ही चाकांना, दोन्ही अंगांनी लावावेत.
• ठोकळा आधी लावावा, शेवटी काढावा आणि रस्त्यात कधीही सोडून जाऊ नये.
• सरकणारी ट्रॉली अंगाने अडवू नये.

सुताराकडे या चार ठोकळ्यांचे काम अर्ध्या दिवसाचे आहे. ट्रॉलीचा पुढचा फेरा करण्यापूर्वी ते करून घ्यावेत आणि चालकासमोर एकदा स्वतः लावून दाखवावेत.